शेऱ्याचा रकाना

गुरुवारी आणि रविवारी आमचं ऑफिस बंद असतं. तरी त्या गुरुवारी मी आत बसले होते, कारण घरी कोणी नव्हतं… ऑफिसातही कोणी नव्हतं म्हणा, पण तिथे कोणी नसण्याला सुट्टीचं कारण तरी होतं.

आमचं ऑफिस म्हणजे कॅमेरा विभागातल्या कामगारांची युनियन. सिनेमा, मालिका, जाहिराती – जिथे कॅमेरा लागतो तिथे तो उचलणारे, चालवणारे, पुसणारे असे आठशे बारा सभासद. तिसरा मजला, दोन खोल्या. मागच्या खोलीत आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे काका म्हणतात. पुढच्या खोलीत मी, कार्यालय सचिव. मला सगळे ताई म्हणतात. बाविशीचा पोरगा असो की साठीचा गृहस्थ, उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं की 'ताई'. तेहतिसाव्या वर्षी आठशे भाऊ असलेली बाई जगात मी एकटीच असेन.

वारं यावं म्हणून दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. त्यातून एक उंच माणूस डोकावला. खांद्याला पिशवी, पाठीला थोडा बाक.

"ता –" तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून थांबला. मग म्हणाला, "ऑफिस चालू आहे का?"

"बंद आहे."

"मग तुम्ही…?"

"मी चालू आहे," मी म्हणून गेले.

शब्द तोंडातून सुटला आणि माझे कान तापले. तो हसला नाही. मान खाली घालून बराच वेळ फरशी बघत राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते.

तो फोकस पुलर होता. कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून, समोरचा नट पुढे-मागे सरकला की भिंगाची चकती तेवढीच फिरवायची आणि चेहरा स्पष्ट ठेवायचा, हे त्याचं काम. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. चुकलं तर सगळं युनिट वळून बघतं. एकोणीस दिवसांनी त्याला पहिली सुट्टी मिळाली होती आणि ती नेमकी गुरुवारी आली. सभासद कार्डाची मुदत संपत होती. मी रजिस्टर काढलं, अर्ज दिला, फोटो मागितला. फोटो त्याच्याकडे नव्हता.

"बारा वर्षं कॅमेऱ्याच्या शेजारी उभा आहे," तो म्हणाला. "समोर जायची वेळच आली नाही."

मग मीच त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि माझ्या फोनवर फोटो काढला. त्याने तो बघितला आणि अगदी हळू आवाजात, जणू कुणाचं मन दुखवायचं नाही अशा बेताने, सांगितलं की फोकस मागच्या कॅलेंडरवर गेलाय.

"चेहऱ्यावर बोट ठेवा," तो म्हणाला. मग घाईघाईने, "स्क्रीनवरच्या."

दुसरा फोटो चांगला आला. तो निघताना मी त्याच्या हातात तासांचं पत्रक ठेवलं. ते पत्रक मीच तयार केलं होतं. तारीख, किती वाजता बोलावलं, किती वाजता सोडलं, जेवणाची सुट्टी, आणि शेवटी शेरा. आठशे प्रती वाटल्या होत्या. भरून आल्या होत्या अकरा. लोक घाबरत, किंवा कंटाळत. त्याने कागद उलटापालटा केला आणि विचारलं, शेऱ्यात काय लिहायचं? मी म्हटलं, काही विशेष असेल तर.

सोमवारी दाराच्या पेटीत पाकीट होतं. त्याला सातला सेटवर हजर व्हावं लागे आणि माझं ऑफिस दहाला उघडे, म्हणून तो जाता जाता पाकीट टाकून गेला होता. पाकिटावर बाकीचे 'आदरणीय ताई' लिहीत. याच्या पाकिटावर नुसतंच 'कार्यालय सचिव' होतं. आत त्या आठवड्याचे तास, बारीक नीटस अक्षरात. चौदा तास, पंधरा, चौदा, सोळा. आणि शेऱ्याच्या रकान्यात, रविवारसमोर – 'विशेष काही नाही. विशेष गुरुवारी घडलं.'

मी तो कागद फायलीत लावला. मग काढून पुन्हा वाचला. मग पुन्हा लावला.

युनियनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कागदाची पोच द्यावी लागते. मी पोच लिहिली, शिक्का मारला, आणि खाली एक ओळ घातली – 'शेरे मुद्द्याला धरून असावेत.' पुढच्या सोमवारी त्याने पेटीतून ती नेली आणि नवं पाकीट टाकलं. त्यात होतं, 'नायिका आज चौदा वेळा रडली. चौदावी खेप खरी होती, कारण तिला भूक लागली होती.'

असं सुरू झालं. आठवड्याला एक पत्रक, आठवड्याला एक पोच. एखादी गोष्ट विचारली की उत्तर यायला सात दिवस. त्याने लिहिलं, 'आज पहिल्यांदा सेटबाहेरचं ऊन बघितलं. आवडलं.' मी लिहिलं, 'इथे रोज असतं, गॅलरीत, चार ते साडेपाच.' त्याने लिहिलं, 'त्या गॅलरीत दोन खुर्च्या मावतात का?' त्यावर मी तीन सोमवार काही लिहिलं नाही, नुसता शिक्का मारला. चौथ्या सोमवारी लिहिलं, 'मावतात. मोजून बघितल्या.'

कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? आम्ही भेटलो होतो एकदाच. पण रविवारी संध्याकाळी घरी एकटीने जेवताना मला आता सोमवारची घाई वाटू लागली होती. आणि सोमवार संपला की पुढचे सहा दिवस पूर्वीपेक्षा जास्त रिकामे वाटत. हे आधी नव्हतं. एकटं राहणं मला अंगवळणी पडलेलं होतं, त्याला याने उगाच टोचणी लावून दिली.

दहाव्या आठवड्यात काका म्हणाले, सेटवर चक्कर मारून येऊ. आम्ही गेलो तो त्याचाच सेट निघाला. काका अजून शपथेवर सांगतात की त्यांना माहीत नव्हतं. एका भल्यामोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये खोटा दिवाणखाना उभा होता, आणि दिव्यांच्या झळा दारापर्यंत येत होत्या. तो कॅमेऱ्याशेजारी होता. एका हातात मोजपट्टी, तिचं टोक नायिकेच्या डोळ्यापाशी. मोजून झालं की तो मागे सरे आणि मग कुणाला दिसेनासा होई. मला मात्र त्या गर्दीत तोच तेवढा दिसत होता.

जेवणाच्या सुट्टीत 'ताई, ताई' म्हणत सगळे भोवती जमले. तो शेवटी आला, दोन कप चहा घेऊन, आणि थोडा लांबच उभा राहिला.

"सहा फूट चार इंच," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही. इथून."

मी म्हटलं, नुसतं बघून कोणीही सांगेल, मोजून दाखवा. त्याने खिशातून पट्टी काढली, टोक माझ्या हातात दिलं आणि मागे सरकला. सहा फूट तीन इंच भरले.

"चुकलात," मी म्हटलं.

"मी चुकत नाही," तो पट्टी गुंडाळत म्हणाला. "तुम्ही एक इंच पुढे आलात."

परतताना गाडीत काका खिडकीबाहेर बघत गुणगुणत होते. मी वहीत काहीतरी लिहिण्याचं सोंग करत होते.

त्या रविवारी आईचा फोन आला. आई माझ्या दादाकडे राहते, दुसऱ्या गावी. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी एखादं स्थळ सुचवते. मुलगा कसाही असो, तिची अट एकच – सिनेमाच्या लाइनमधला नको. त्या अटीवर मी कधी वाद घातला नाही. माझे बाबा कॅमेरामन होते, याच युनियनचे सभासद. मी एकोणीस वर्षांची असताना वीस तासांची शिफ्ट संपवून ते स्वतः गाडी चालवत घरी यायला निघाले, आणि वाटेत त्यांचा डोळा लागला. सकाळची सव्वासहाची वेळ होती. रस्त्यावर दुसरं वाहनसुद्धा नव्हतं. त्यानंतर काकांनी मला युनियनमध्ये नोकरी दिली. पत्रक मी का काढलं, हे मला कुणी कधी विचारलं नाही. काकांना तर विचारायची गरजच नव्हती.

पंधराव्या आठवड्यात निर्मात्यांच्या संघटनेने बोलणी करायला होकार दिला. आमची मागणी साधी होती – एकदा सोडल्यावर पुन्हा बोलावण्याआधी माणसाला अकरा तास मिळाले पाहिजेत. पुरावा म्हणून काकांना पत्रकं हवी होती. सलग, एकही आठवडा न चुकता भरलेली पत्रकं एकाच माणसाची होती. काकांनी ती फाइल चाळली. चाळता चाळता वेग कमी झाला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाले.

मी विचारलं, शेऱ्याचा रकाना झाकून प्रती काढल्या तर? ते म्हणाले, झाकलेला कागद त्यांचा वकील पहिल्याच मिनिटाला उडवून लावेल. द्यायच्या तर मूळ प्रती. आणि त्याच्या संमतीशिवाय द्यायच्या नाहीत. विचारायचं कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी मी त्याला फोन केला. पंधरा आठवड्यांतला पहिला फोन. मागून भांड्यांचे आवाज येत होते. मी सगळं सरळ सांगितलं. नाव उघड होईल, मालिकेतून काढतील, दुसरीकडेही लगेच घेणार नाहीत. आणि शेरे… शेरे सगळे वाचतील.

त्याने विचारलं, "तास खरे आहेत ना?"

"आहेत."

"शेरेही खरेच आहेत. द्या."

"युनियनची म्हणून मी 'बरं' म्हणून फोन ठेवायला हवा," मी म्हटलं. "पण मी तुम्हाला 'देऊ नका' असं सांगायला फोन केला होता… आणि ते माझ्याच्याने सांगवत नाहीये."

मग मी त्याला बाबांबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण सांगितलं, सव्वासहाच्या वेळेसकट. तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली, पुन्हा मारली, तरी तो गेला नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, "आता तर द्याच."

सोमवारी सकाळी मी पोचण्याआधी काका पोचले होते, आणि पेटीतलं पाकीट त्यांनी तसंच फायलीत घातलं होतं. पंधरावं पत्रक. ते मी वाचलेलं नव्हतं.

त्याच दिवशी झालेल्या बैठकीला आमच्या बाजूने सहा जण, त्यांच्या बाजूने सात आणि एक वकील. टेबलाच्या टोकाला मी, इतिवृत्त लिहायला. वकिलाने फाइल उघडली आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. तो म्हणाला, ही कामाची पत्रकं आहेत की आणखी काही, ते सभेने ठरवावं. आणि त्याने वाचायला सुरुवात केली. ऊन. गॅलरी. दोन खुर्च्या. टेबलापलीकडे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी मान वर केली नाही. पेन चालू ठेवलं. काय लिहीत होते देव जाणे.

मग त्याने शेवटचा कागद उचलला.

"'शनिवार,'" तो त्याच सुरात वाचू लागला. "'रात्री एकला सोडलं. घरी आलो. आज जे ऐकलं त्याबद्दल कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. असं माणूस एकच आहे, आणि त्या माणसाचं ऑफिस सोमवारी दहाला उघडतं. तोवर मी जागा आहे. हे तास… हे तास कोणत्या रकान्यात भरायचे?'"

सुरुवातीचा सूर शेवटपर्यंत टिकला नव्हता. वकिलाने कागद खाली ठेवला आणि पाण्याचा ग्लास उगाचच जवळ ओढला. कुणी हसलं नाही.

काका म्हणाले, "शेरे वाचून झाले असतील तर आता तास वाचा."

तास वाचले गेले. पंधरा आठवड्यांत आठ तासांपेक्षा कमी विश्रांती एकतीस वेळा. दुपारी चारपर्यंत ओढाताण चालली. अकरा मागितले होते, दहा मिळाले, लेखी. सगळे उठले तेव्हा काका माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि इतिवृत्त वाचू लागले. मी लिहिलं होतं, 'पंधराव्या पत्रकातील शेरा वाचण्यात आला.'

"पुढे लिही," ते हळूच म्हणाले, "'त्याची नोंद घेण्यात आली.'"

ठरल्याप्रमाणे सगळ्यांना दहा तास मिळाले आणि त्याला सगळेच मिळाले. युनिट आटोपशीर करतोय, असा निरोप त्याला दोन आठवड्यांत आला. दोन महिने कुणी बोलावलं नाही. मग एका दिग्दर्शिकेने बोलावलं. एका धरणाच्या फुगवट्यावर पक्षी येतात, त्यांच्यावर माहितीपट करायचा होता. आठ महिने, तिथेच राहून.

जायच्या दिवशी तो पत्ता नोंदवायला ऑफिसात आला. काका कधी नव्हे ते बाहेर गेले होते. गॅलरीत ऊन होतं, दोन खुर्च्या होत्या, पण आम्ही उभेच राहिलो. तो म्हणाला, मी स्वतः सांगायला हवं होतं, वकिलाने आधी वाचून दाखवलं. मी म्हटलं, त्यांनी बरं वाचलं. तो म्हणाला, मी अडखळलो असतो.

मग खरंच अडखळत त्याने विचारलं, "आठ महिने… थांबाल का?"

माझं उत्तर हो होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे आई आली, ताटावर ताट झाकून दाराकडे तोंड करून बसलेली, बावीस वर्षं. आणि मी म्हटलं, "मला वाट बघता येणार नाही. आमच्या घरात ती बघून झालीय."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही, कारण विचारलं नाही. रजिस्टरमध्ये पत्ता लिहिला, पिशवी उचलली आणि गेला. तीन मजल्यांचा जिना आहे. शेवटच्या पायरीपर्यंत मला पावलं ऐकू आली. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण काय म्हणून हाक मारायची, तेच आमचं कधी ठरलं नव्हतं.

त्यानंतरचे सोमवार मी कसे काढले ते मला माहीत. पेटी उघडत होते. आता बरेच जण पत्रकं भरू लागले होते, तीसेक पाकिटं निघत, सगळ्यांवर 'आदरणीय ताई'. मी पोच लिहीत होते, शिक्के मारत होते. संध्याकाळी घरी जाऊन टीव्ही लावत होते. त्याच मालिकेत नायिका रडत असे, आणि तिचा चेहरा तेवढा स्पष्ट राहिला नव्हता. की मलाच तसं वाटत होतं कुणास ठाऊक.

सातव्या रविवारी आईने नवं स्थळ सांगायला सुरुवात केली आणि मला रडू आलं. मग सगळंच सांगितलं. माणूस लाइनमधला आहे हेही. वाट बघणार नाही असं मी सांगून टाकलंय, हेही.

"मी वाट बघत बसले," आई म्हणाली, "कारण पदरात तुम्ही दोघं होतात, मला उठून जाता येत नव्हतं. तुला कोणी धरून ठेवलंय?"

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे रजेचा अर्ज दिला. किती वर्षांत घेतली नव्हती, त्यांनी मोजलंसुद्धा नाही.

आधी रेल्वे, मग बस, मग दूध घेऊन निघालेल्या एका टेम्पोत पुढची जागा. टेम्पोवाल्याने बांधावर सोडलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. समोर लांबवर पसरलेलं उथळ पाणी, त्यावर धुकं, आणि त्या धुक्यात पांढरे पक्षी – शेकडो असतील – मान पंखात खुपसून अगदी स्तब्ध. अलीकडे गवताच्या ताट्या लावून आडोसा केला होता. त्याच्या फटीतून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर आलेलं. पाचसहा माणसं दबून बसली होती. एका म्हाताऱ्या नावाड्याने मला लांबूनच हाताने खूण केली. जागची हलू नका.

मी हलले नाही. चप्पल चिखलात रुतली होती, खांद्याची पिशवी जड झाली होती. तो माझ्याकडे पाठ करून वाकलेला होता. एक हात चकतीवर. पाठीचा बाक तेवढाच, केस वाढलेले. मला वाटलं, इथूनच मागे फिरावं. बघून झालं, पुरे.

तेवढ्यात त्याने मान वळवली. कशाने, ते त्यालाही सांगता येत नाही.

"अगं… तू?"

कुजबुजल्यासारखं नाही, चांगलं मोठ्याने. आणि ते सगळे पक्षी एकदम उठले. पंखांचा नुसता गडगडाट झाला, धुकं फाटलं, पाणी हललं, आणि दोन मिनिटांत समोर काही उरलं नाही.

हे मला नंतर कळलं की पक्षी इतक्या जवळ येऊन बसायची ते लोक नऊ दिवस वाट बघत होते. दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. तो एकेकापाशी जाऊन माफी मागत होता आणि मागता मागता माझ्याकडे बघत होता, मी आहे ना, याची खात्री करत. मग चिखल तुडवत माझ्यापर्यंत आला. दोन हातांवर थांबला. बारा वर्षांत त्याच्या हातून कधी शॉट गेला नव्हता, असं त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे, तुझं रजिस्टर माझ्याकडे आहे.

"थांबणार नाही म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"थांबले नाहीच. आले."

त्याने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. नावाडी जवळ आला होता. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत त्याने त्याला विचारलं, या कोण म्हणायच्या? नऊ दिवसांचं काम गेलं, निदान तेवढं तरी समजायला हवं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्यावर सोडलं होतं.

"मी युनियनची," मी सांगितलं. "आणि यांची."